पाठमोऱ्या आया

“नीट बस गो. सगळो भार टाक,” मी म्हटलं.

“मी काय पोतं आहो का?” सिंधू म्हणाली आणि साच्याच्या दांड्यावर जरा पुढे सरकली. लाकूड करकरलं, आणि खालच्या ताटात तांदळाच्या पांढऱ्या तारा उतरू लागल्या.

शिरवाळे एकट्या माणसाला होत नाहीत. उकडलेला गोळा गरम असतानाच साच्यात घालायचा, एकाने दांडा दाबायचा आणि दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. कुडाळला आमच्या घरी दांड्यावर वडील बसत. नाशिकला सिंधू बसायची. ती अकोटची. तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात बुडवून खाणं तिला कधी पटलं नाही. तिच्या मते शेवया म्हणजे तिचे सरगुंडे. गव्हाचं पीठ काडीवर वळून केलेले, आंब्याच्या रसात नाहीतर गूळ घातलेल्या दुधात खायचे.

“पाण्यात तांदूळ अन् तांदळावर पाणी,” ती दांडा दाबता दाबता म्हणाली. “याच्यात खायचं काय हाय?”

“तुमच्याकडे नारळ असते तर तुम्हीही हेच खाल्लं असतं.”

“आमच्याकडे दात होते,” सिंधू म्हणाली.

त्या दिवशी पिठोरी अमावस्या होती. शेजारच्या शेगडीवर तिचं दूध आटत होतं, आणि मी नारळाचा रस गाळून ठेवला होता. दोन्ही पदार्थ एकाच दिवशी होण्याला कारण वृंदा. तिच्या शाळेतला भावेश नावाचा चित्रकलेचा शिक्षक आणि त्याचे मित्र दर वर्षी पिठोरीच्या संध्याकाळी एक कार्यक्रम करत. प्रत्येकाने आपल्या आईच्या गावाचा पदार्थ घेऊन यायचा, आईबद्दल एक हसवणारी गोष्ट सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. ज्यांच्या आया येतील त्यांनी यावं. या वर्षी वृंदाही गोष्ट सांगणार होती.

“ही सगळी क्वीअर मुलं आहेत,” वृंदाने आठवडाभर आधी आम्हाला समजावलं होतं.

“म्हंजे?” सिंधूने विचारलं.

वृंदाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “म्हणजे तुमच्यासारखी.”

“मंग त्याले इंग्रजीत काहून सांगतं?” सिंधू म्हणाली आणि गहू निवडायला बसली.

आता शेवटचा गोळा साच्यात घालताना मी म्हटलं, “ताट मी भरून देते. तू आणि वृंदा जा. मी घरीच थांबते.”

“काहून?”

“आयांना बोलावलंय. मी काय म्हणून येऊ?”

सिंधू दांड्यावरून उतरली नाही. “शिरवाळेवाली म्हणून ये,” म्हणाली.

सिंधूची आणि माझी ओळख आवाजाने झाली. मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, ती अकोल्याच्या. लाइन जोडता जोडता आम्ही एकमेकींना ओळखू लागलो. तिच्या ‘अकोला बोलतेय’ वरून मला कळायचं की आज तिचं डोकं दुखतंय, की आज घरी भांडण झालंय. मग एकदा ते भांडण शेवटचं झालं. नवऱ्याला सोडून, माहेरीही न जाता, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन तिने नाशिकला बदली करून घेतली. स्टेशनवर मी तिला घ्यायला गेले तेव्हा आम्ही एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं. “तू आवाजापेक्षा बारीक आहे,” ती म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही एकत्र राहिलो. शेजारणी मैत्रिणी म्हणत, कोणी बहिणी का असं विचारत. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही आणि खोटंही सांगितलं नाही.

वृंदा सिंधूला आई म्हणायची आणि मला मावशी. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. घरात आई एक होतीच, मग दुसरीला काहीतरी म्हणायला हवं, म्हणून मावशी. तिच्या वेण्या मी घातल्या, गोवर आला तेव्हा दिवसभर उशाशी मी बसले. त्यात काही विशेष नाही, सिंधूची पाळी दिवसाची असायची आणि माझी रात्रीची.

फक्त पिठोरीचा दिवस मला जड जायचा. सिंधू त्या दिवशी उपास करायची. संध्याकाळी खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून, लेकीकडे पाठ करून पाटावर बसायची आणि विचारायची, “अतीत कोण?” दारी आलेला अतिथी कोण, असं. मागे उभी असलेली वृंदा म्हणायची, “मी वृंदा.” मग मागच्या मागे ते ताट तिने उचलायचं. आईने वळून बघायचं नाही. वृंदा पाच-सहा वर्षांची असताना सिंधू मला म्हणाली होती, “तू बी एक ताट घे की.” मी म्हटलं, मला ड्यूटी आहे. त्यानंतर दर पिठोरीला मी संध्याकाळची ड्यूटी मागून घ्यायची. निवृत्त झाल्यावर देवळात जायची. देवाधर्माचं मला फारसं कधी नव्हतं. पण मी विचारलं, अतीत कोण, आणि मागून कोणी बोललंच नाही, तर?

हे मी सिंधूलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

कार्यक्रम कॉलेज रोडच्या एका सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होता. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तीस-चाळीस माणसं असतील. मधल्या टेबलावर पातेली, डबे, टोपल्या. नगरचं शिपी आमटीचं पातेलं, सोलापूरची शेंगाची पोळी, कोणाच्या तरी आईचा कारवारी हलवा. सिंधूने सरगुंड्यांचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि माझं पातेलं त्याच्या मागे सरकवलं. मी ते पुन्हा पुढे आणलं.

अमळनेरहून लीलाबाई नावाची एक बाई आली होती. चांगली धिप्पाड, हिरवं नऊवारी, पुरणाच्या मांड्यांची टोपली मांडीवर. तिच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण बसले होते. मी विचारलं, दोघे मुलगे का?

“हाऊ मना आंडोर,” तिने एकाच्या पाठीवर थाप मारली. मग दुसऱ्याच्या. “आन हाऊ बी मनाच. दोन पोरं घरमा, पन एकले बी भाकर येस नही.”

“काकू, आम्ही शिकतोय,” दुसरा म्हणाला.

“पाच वरीस व्हयनात,” लीलाबाई मला म्हणाली.

भावेश माइक घेऊन उभा राहिला. नाकात बारीक चमकी, अंगात पैठणीच्या काठाचा झब्बा. “नमस्कार मंडळी. मी आज चिवडा आणलाय. आईच्या हातचा. म्हणजे आई ज्या दुकानातून आणायची, त्याच दुकानातून मीही हातानेच आणला.” लोक हसले. “माझी आई मालती. पंचवटीत राहते, इथून रिक्षाने दहा मिनिटं. मी तिला दर वर्षी बोलावतो. ती म्हणते, अरे मला शुगर आहे. मी म्हणतो, आई, लोक म्हणतात तेवढा मी गोड नाही गं!”

हॉल खदखदला. मीही हसले. वृंदा माझ्या कानाशी वाकली. “ती त्याचा फोनच उचलत नाही, मावशी. कितीतरी वर्षं झाली.”

एकेक जण उठत गेला. एकीने तिची सांगलीची आई पाहुण्यांना चहाचा आग्रह कसा करते त्याची नक्कल केली. शेवटी पाहुणा रडत चहा पितो. एका मुलाने सांगितलं, की त्याने मोठ्या धीराने आईला स्वतःबद्दल सगळं सांगितलं, तेव्हा तिने उठून खिडकी लावली आणि मग ती म्हणाली, “ते असू दे, पण शेजारच्या काकूंना सांगू नकोस, ती आधीच मला हिणवते, तिचा अमेरिकेत आहे म्हणून.”

मग वृंदा उभी राहिली. चाळिशीची बाई, शाळेत गणित शिकवणारी, पण माइक हातात घेताना पदर सावरला तो अगदी सिंधूसारखा.

“आमच्या घरात दोन बायका,” ती म्हणाली. “एक अकोटची, एक कुडाळची. लोकांकडे सासू-सुनेची भांडणं असतात. आमच्याकडे विदर्भ आणि कोकणाची. मी मधे. म्हणजे नाशिक. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.”

सिंधूने मला कोपर मारलं. “माह्यासारखंच बोलते.”

“मला ताप आला, की एक म्हणायची पेज द्या, दुसरी म्हणायची भाकर कुसकरून द्या. दोघींचं ठरेपर्यंत ताप उतरायचा. भाजीत खोबरं की दाण्याचा कूट, यावर आमच्या घरात जे मतभेद झालेत, त्यात मी सातवीतून दहावीत गेले. आणि दोघी टेलिफोन ऑपरेटर! घरात फोन, पण मला बोलायची सोय नाही. मैत्रिणीशी बोलायला लागले, की आतून आवाज, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायची आहेत का?’ कॉलेजात असताना एका मुलाचा फोन आला. मावशीने उचलला. अत्यंत गोड आवाजात म्हणाली, ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ त्याने पुन्हा केला. पुन्हा तेच. बिचाऱ्याने तीन दिवस वाट पाहिली. आज तो दुसऱ्याच कोणाचा तरी नवरा आहे. मी त्याला अलीकडे पाहिलं. मावशी, उपकार आहेत तुझे.”

लोक मागे वळून मला बघायला लागले. मी पदराने तोंड झाकलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं होतं.

“शाळेत निबंध होता, माझी आई,” वृंदा म्हणाली. “मी दोन लिहिले. बाई म्हणाल्या, एकच तपासीन. कुठला दिला ते आज सांगणार नाही. दोघी इथेच बसल्यात आणि मला रात्री जेवायचंय.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण तो कुठला असेल ते मला ठाऊक होतं. मावशीवरचा निबंध ‘माझी आई’ म्हणून कोण तपासेल?

मग भावेशने पाट मांडायला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पाटांची रांग. “आता पिठोरीचं वाण. आलेल्या सगळ्या आयांनी आपापला पदार्थ ताटात घेऊन बसायचं. मागे वळून बघायचं नाही. जी विचारील तिला उत्तर द्यायचं. ज्यांची आई आली नाही, त्यांनी वाटेल त्या आईच्या मागे उभं राहावं. इथे कोणी तपासत नाही.”

मी हळूच खुर्ची मागे सरकवली. सिंधूने माझं मनगट धरलं.

“सिंधू, सोड.”

“ताट भर.”

“लोक बघतायत.”

“भिंतीकडे तोंड करून बसायचं हाय. तुले कोण दिसते?”

तिने स्वतःच एका ताटात शिरवाळे घातले, वर रस ओतला आणि ते माझ्या हातात दिलं. मग मला रांगेच्या टोकाच्या पाटावर जवळजवळ दाबून बसवलं, साच्याचा दांडा दाबावा तसं. शेजारी ती बसली, सरगुंड्यांचं ताट घेऊन. तिच्या पलीकडे लीलाबाई, आणि पुढे आणखी चौघीजणी.

समोर पिवळी भिंत. त्यावर कोणीतरी सायकलचं चित्र काढलेलं होतं. मागे पावलांचे आवाज, कुजबुज, कोणाच्या तरी बांगड्या. डोक्यावर ताट धरलं तेव्हा रस हिंदकळला. मी मनात म्हटलं, वृंदा सिंधूच्या मागे असणार. असायलाच हवी. माझ्या मागे कोणी तरी दयेने येऊन उभं राहील, आणि मी ते ताट देऊन टाकीन, एवढंच.

पलीकडच्या टोकापासून सुरुवात झाली. “अतीत कोण?” “मी पल्लवी.” “अतीत कोण?” “मी सागर.” लीलाबाईने विचारलं तर मागून दोघे एकदम ओरडले, आणि टोपलीची खेचाखेच झाली. “फाटतीन रे मांडा!” ती न वळता ओरडली.

आता सिंधूची पाळी. ती बोलली नाही.

“सिंधू, तू,” मी हळू म्हटलं.

“तू आधी.”

“तुझी पाळी आहे.”

“माहे हात दुखत नाही. तू विचार.”

मी तोंड उघडलं. जे दोन शब्द मी वृंदा लहान असताना उंबऱ्याआडून ऐकले होते आणि पुढे इतकी वर्षं टाळले होते, ते एकाएकी कुठे गेले कळेना. पाठीमागे न दिसणारं माणूस, समोर भिंत, आणि काहीतरी विचारायचंय. जन्मभर केलेली सवय तोंडात आली.

“नंबर प्लीज,” मी म्हटलं.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग अख्खा हॉल फुटला. लीलाबाई गदगदा हलत होती, तिच्या हसण्याने माझा पाटही हलायला लागला. मला वाटलं, आता उठावं आणि जिन्याने थेट खाली जावं. पण डोक्यावर ताट. उठताही येईना.

हसणं ओसरलं. आणि नेमकं माझ्या मागे, अगदी जवळून, कोणीतरी घसा साफ केला.

“ट्रंक कॉल आहे,” वृंदा म्हणाली. “अर्जंट.”

मग विचारायचं ते विचारलं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. “कोणाशी बोलायचंय?”

“आईशी.”

“ती शेजारी बसलीय,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “थांबा. जोडून देते.”

“नको,” वृंदा म्हणाली. “बरोबर लागलाय.”

या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या डोक्यावरचा भार गेला. हात वरच राहिले, रिकामे. ते खाली घ्यायचे असतात हे मला सुचेना. वृंदाने ते धरून खाली आणले, एक आणि मग दुसरा. तिची बोटं रसाने चिकट झाली होती.

तेव्हा शेजारून सिंधूचा आवाज आला. खणखणीत, ‘अकोला बोलतेय’ म्हणायची तसा.

“अतीत कोण?”

मागे काही नाही. वृंदा माझ्यामागे होती. एका लेकीला एकीच्याच मागे उभं राहता येतं.

“अतीत कोण?” सिंधूने पुन्हा विचारलं.

मी भिंतीकडे बघत होते. ज्याला मी इतकी वर्षं घाबरून ड्यूट्या मागून घेतल्या, ते आता माझ्या शेजारी घडत होतं, आणि ज्या बाईला ते घडत होतं तिने ते स्वतः मांडून घेतलं होतं. तिला ठाऊक होतं. पाटावर बसण्याआधीपासून ठाऊक होतं.

“अतीत कोण?” तिसऱ्यांदा. आवाज तेवढाच ठाम.

माइक जमिनीवर ठेवल्याचा ठक आवाज आला. मग पावलं. घाईची नव्हती.

“मी भावेश,” तो म्हणाला. माइकविना त्याचा आवाज फार लहान होता.

“कोणाचा?” सिंधूने विचारलं. हे विचारायचं नसतं. तिने विचारलं.

“मालतीचा. पंचवटीच्या.”

“मंग अर्धे तू खाजो अन् अर्धे मालतीले नेजो,” सिंधू म्हणाली. “डब्यात घालून देतो मी. दुधातले हायेत, उद्यापर्यंत टिकत नाही. आजच नेजो. अन् दोन हातानं उचल बाप्पा, माह्या डोक्यावर सांडशीन.”

तो डबा आमच्याकडे परत यायला पंधरा दिवस लागले. भावेशने आणून दिला. उघडला तर आत मूठभर साखर होती. रिकामा डबा परत करू नये हे कोणीतरी पाळलं होतं. आई काही बोलली का, असं आम्ही विचारलं नाही. भावेशनेही विनोद केला नाही.

वृंदा अजूनही मला मावशीच म्हणते. परवाच फोनवर म्हणाली, “मावशी, औषध घेतलंस का?” मी म्हटलं, घेतलं. सिंधूला जाऊन आता तीन वर्षं होतील. शिरवाळे करायचे झाले तर दांड्यावर वृंदा बसते. तिचा भार पुरत नाही, पण होतात.

त्या संध्याकाळी रिक्षातून घरी येताना वृंदा पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली होती आणि मागे आम्ही दोघी, मांडीवर रिकामी पातेली घेऊन. गंगापूर रोडला बैल सजवून कोणीतरी मिरवणूक काढली होती, म्हणून रिक्षा थांबली. ढोल वाजत होता. त्या आवाजात वृंदाला ऐकू जाणार नाही, असं बघून मी सिंधूला विचारलं, “तू सांगितलं होतंस तिला?”

“मी कायले सांगू? तीच म्हणे, आई, औंदा मी मावशीमांगं उभी राहू का. मी म्हणलं, माहं तोंड तर भिंतीकडे राहीन, मले काय दिसते.”

“आणि तुझ्या मागून कोणी बोललंच नसतं तर?”

सिंधू शिंगांना बांधलेल्या फुग्यांकडे बघत होती. “तर खाल्ले असते मीच. दिवसभराचा उपास होता.”

“चेष्टा नको. तीनदा विचारलंस. मला वाटलं—”

“मले भेव नव्हतं,” ती म्हणाली, आणि पातेल्याखालून माझा हात शोधून काढला. “तू होतीच ना बाजूले.”